कोंकणीचा शेवटचा 'के' कुठे गेला? एका पतसंस्थेतल्या भाषाकोडचं प्रकरण

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दहा-बारा दिवस उरले होते. गोव्यात या दिवसांत पिग्मी खात्यांवर गर्दी असते. वर्षभर रोज वीस-पन्नास रुपये एजंटच्या हातावर ठेवलेले असतात, ते माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीसाठी), कपड्यांसाठी, मुलांच्या फटाक्यांसाठी काढायचे असतात. ज्या मल्टिस्टेट पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमची पुण्यातली छोटी टीम सांभाळत होती, तिच्या शाखा सिंधुदुर्गात आणि गोव्यात होत्या. त्या दुपारी डिचोलीच्या शाखेतून फोन आला. काउंटरवर बसणाऱ्या ताई सांगत होत्या, "सर, गिऱ्हाइकांना मेसेज जातात ना, त्यात तारखेमध्ये चिनी अक्षरं येतायत. एक आजोबा मोबाइल घेऊन समोर उभेच राहिलेत, विचारतायत, बाय, हें कितें गो?"

त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मजकूर कोंकणी आणि अगदी बरोबर होता: तुमच्या खात्यांत पयशे जमा जाले. रक्कम बरोबर, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर. तारीख मात्र विचित्र. वर्षाचा आकडा आणि त्याला चिकटून एक अनोळखी अक्षर, महिन्याचा आकडा आणि दुसरं अक्षर, दिवसाचा आकडा आणि तिसरं. आमच्या टीममधली एक मुलगी कोरियन मालिका बघते. तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "हे चिनी नाही, कोरियन आहे. न्यन, वल, इल. वर्ष, महिना, दिवस."

डिचोलीतल्या आजोबांना कोरियन तारीख का गेली, याचं उत्तर तासाभरात मिळालं. पण त्या उत्तराचा धागा ओढत गेलो तेव्हा त्याहून वाईट एक गोष्ट हाती लागली, आणि मुख्यतः तिच्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. (भाषांचे कोड रोमन अक्षरांत असतात. इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत: मराठीचा एम-आर, कोंकणीचा के-ओ-के, असे.)

आधी रचना सांगतो. ग्राहकाची भाषा आमच्याकडे दोन ठिकाणी नोंदलेली होती. संदेशाचा मजकूर कुठल्या साच्यातून घ्यायचा हे शाखेच्या सेटिंगमधून ठरायचं. तिथे गोव्याच्या शाखा सुरू झाल्या तेव्हा के-ओ-के हा कोड नीट भरलेला होता. तारीख आणि रक्कम कशी मांडायची हे मात्र ग्राहकाच्या नोंदीतल्या भाषेच्या रकान्यावरून ठरायचं. सर्व्हर जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो. त्या रकान्यातला कोड घेऊन जावाचं लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेचे नि प्रदेशाचे रिवाज पाळायचे ती खूण, बनायचं आणि तारीख त्या भाषेच्या रिवाजानं छापली जायची. म्हणजे मजकूर एका कोडवरून, तारीख दुसऱ्यावरून. दोन्ही जुळतायत तोवर हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

ग्राहकांचं टेबल उघडून पाहिलं. भाषेचा रकाना दोन अक्षरांचा. सॉफ्टवेअर पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी एवढ्याच भाषा होत्या आणि तिन्हींचे कोड दोन अक्षरी, म्हणून रकानाही दोनचा. कोंकणीचा कोड तीन अक्षरांचा. तो या रकान्यात शिरताना शेवटचा 'के' बाहेर राहिला आणि आत गेलं फक्त के-ओ. के-ओ हा कोरियन भाषेचा अधिकृत कोड आहे. जावानं आपलं काम चोख केलं: कोरियन सांगितलं, कोरियन तारीख दिली.

डेटाबेसनं अडवलं का नाही? मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसमध्ये कडक मोड बंद असेल तर रकान्यापेक्षा लांब मजकूर तो मुकाट्यानं कापतो आणि फक्त एक सूचना मागे ठेवतो, जी कुणी वाचत नाही. आवृत्ती ५.७ पासून कडक मोड मुळातच चालू असतो. आमच्या सर्व्हरवर तो कुणीतरी मुद्दाम बंद केला होता, कारण पूर्वी कधीतरी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-सॉफ्टवेअरमधला डेटा आणताना तो सारखा चुका दाखवत होता. डेटा आला, काम झालं, मोड परत चालू करायचा राहून गेला. अशा गोष्टी राहूनच जातात, आणि त्यांचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर निघतं.

आता दोन अक्षरांबद्दल थोडं, कारण ही चूक फक्त आमची नव्हे. भाषांना कोड देणारं आयएसओ ६३९ हे मानक १९८८ मध्ये आलं तेव्हा कोड दोन अक्षरी होते. रोमन लिपीत दोन अक्षरांच्या जोड्या होतात ६७६. जगातल्या भाषा सात हजारांच्या घरात. म्हणून पुढे तीन अक्षरी कोड आले, आणि ज्या भाषेला तीन अक्षरी कोड आधीच मिळाला आहे तिला मागाहून दोन अक्षरी द्यायचा नाही असं ठरलं, नाहीतर जुना डेटा एका कोडखाली आणि नवा दुसऱ्या कोडखाली विखुरला असता. नियम रास्त आहे. पण याचा अर्थ असा की कोंकणीला दोन अक्षरी कोड कधीच मिळणार नाही.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांपैकी १६ भाषांना दोन अक्षरी कोड आहे, सहांना नाही: कोंकणी, मैथिली, मणिपुरी, संताली, बोडो, डोगरी. या सहांचे कोड दोन अक्षरांवर कापले तर काय होतं ते त्या संध्याकाळी आम्ही फळ्यावर लिहून पाहिलं. कोंकणीची कोरियन होते. मणिपुरीचा कोड एम-एन-आय. तो एम-एन होतो, म्हणजे मंगोलियन. बोडोचा बी-आर-एक्स कापला की बी-आर, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाची ब्रेटन. संतालीचा एस-ए-टी कापला की एस-ए, म्हणजे संस्कृत. मैथिली आणि डोगरी यांचे तुकडे कुठल्याच भाषेचे नाहीत, त्या थेट नाहीशा होतात. पाटणा, इम्फाळ, कोक्राझार इथल्या माणसांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणाच्याही टेबलात आज असा दोनचा रकाना असू शकतो.

मग आम्ही रकान्यातले सगळे वेगवेगळे कोड काढून पाहिले. एम-आर होते, एच-आय होते, ई-एन होते, के-ओ होते. आणि एम-ए होते. बरेच.

एम-ए हा कोणत्याच भाषेचा कोड नाही. मागे शोधत गेल्यावर कळलं की काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातली एक लहान पतसंस्था यांच्यात विलीन झाली होती. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन अक्षरी कोड होते: मराठीला एम-ए-आर, हिंदीला एच-आय-एन, इंग्रजीला ई-एन-जी. डेटा आणताना तिन्ही कापले गेले. हिंदीचा तुकडा एच-आय आणि इंग्रजीचा ई-एन हे नशिबानं बरोबरच निघाले. ज्यानं आयात केली त्यानं बहुधा पहिल्या काही ओळी तपासल्या असतील, त्या बरोबर दिसल्या असतील आणि त्यानं पुढचं गृहीत धरलं असेल. गुजराती, तमिळ, तेलुगू, उर्दू, पंजाबी यांचेही तीन अक्षरी कोड कापल्यावर बरोबरच निघतात. कन्नडचा कापला तर जॉर्जियन निघते आणि बंगालीचा कापला तर बेलारूशियन. मराठीचा कापला तर काहीच निघत नाही.

काहीच निघालं नाही की आमचं सॉफ्टवेअर इंग्रजीवर जायचं. विलीन झालेल्या त्या पतसंस्थेचे मराठी ग्राहक, मालवण-कुडाळकडचे शेतकरी, मासळी विकणाऱ्या बायका, शाळेतले शिपाई, इतकी वर्षं इंग्रजी संदेश घेत होते. त्यांनी मराठी मागितली होती. मूळ फॉर्मवर मराठीवर खूण होती. आणि एकानंही तक्रार केली नव्हती. बँकेचा मेसेज इंग्रजीतच यायचा असतो, असं आपल्याकडे माणसानं धरूनच ठेवलेलं असतं.

हे मला फार लागलं. कोरियन तारीख एका दुपारी पकडली गेली, कारण ती डोळ्यांत खुपली. इंग्रजी मात्र वर्षानुवर्षं निमूट चालून गेली. चुकलेला कोड भलतीकडे नेतो तेव्हा निदान आरडाओरडा तरी होतो; तो इंग्रजीकडे नेतो तेव्हा कुणाला चूक झाल्याचं समजतच नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तीन उपाय समोर आले. तिन्ही झटपट होते आणि तिन्ही मी अडवले. त्याची कारणं सांगणं जरुरीचं वाटतं.

पहिला: तारीख बनवताना के-ओ दिसला तर तो के-ओ-के समजायचा. एका ओळीचं काम. पण टेबलात चूक तशीच राहते, आणि तेच टेबल वाचणारं दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर पुन्हा त्याच खड्ड्यात पडतं. आमच्याकडे लेखापरीक्षणाचा वेगळा प्रोग्राम तेच टेबल वाचत होता.

दुसरा उपाय एका अनुभवी सहकाऱ्यानं सुचवला, मनापासून: कोंकणीला मराठीवरच न्यावं. लिपी एकच, गोव्यात सगळ्यांना मराठी कळते, दोन अक्षरी कोडही तयार आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, तारखेचंच बघ ना. आपल्याकडे रविवार, त्यांच्याकडे आयतार. गुरुवारला बिरेस्तार, शनिवारला शेनवार. जुलैला जुलय. वरचा मजकूर कोंकणी आणि खाली गुरुवार, हे त्या माणसाला कोरियनइतकंच परकं वाटेल, फक्त तो बोलून दाखवणार नाही." आणि हा प्रश्न नुसत्या शब्दांचाही नाही. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर गोव्यानं किती सोसलं आहे ते पुण्यात बसून विसरायला होतं. साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या कायद्यानं ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. हे सगळं झाल्यावर एका सॉफ्टवेअरमधल्या फॉलबॅकच्या (हवी ती भाषा नसेल तर दुसरीवर जाण्याच्या) ओळीनं ती पुन्हा मराठीत ढकलायची, हे मला मराठी माणूस म्हणून तर अजिबातच पटलं नाही.

तिसरा उपाय सगळ्यांत शहाणा वाटणारा होता: शाखेवरून भाषा ठरवू. गोव्यातली शाखा म्हणजे कोंकणी, सिंधुदुर्गातली म्हणजे मराठी. प्रदेशांनाही मानक कोड आहेतच. भारताचा आय-एन, त्याखाली गोव्याचा जी-ए. पण प्रदेशाचा कोड माणूस कुठे आहे ते सांगतो, तो काय वाचतो ते सांगत नाही. डिचोली, पेडणे, सत्तरी इकडे पिढ्यान् पिढ्या मराठी वर्तमानपत्र घरात येतं. राजभाषा कायद्यातही शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. उलट दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत कोंकणी बोलणारी असंख्य माणसं ती रोमी, म्हणजे रोमन, लिपीत वाचतात, देवनागरी त्यांना सरावाची नसते. कारवार-मंगळूरकडे तीच भाषा कन्नड लिपीत लिहिली जाते. एकाच गल्लीत तीन घरांची तीन उत्तरं असू शकतात. सिंधुदुर्गातही घरात मालवणी बोलतात आणि वाचतात मराठी.

तेव्हा माणसालाच विचारायचं, हे ठरलं. विचारल्यावर उत्तर ठेवायचं कसं, हा पुढचा भाग.

इंटरनेटवर भाषा सांगण्याची जी रीत आहे तिचा सध्याचा नियम आरएफसी ५६४६ या दस्तऐवजात आहे, २००९ चा. तो म्हणतो, भाषेची खूणपट्टी (टॅग) तुकड्यांची असते आणि तुकडे आडव्या रेघेनं जोडलेले असतात: आधी भाषा, मग हवी असेल तर लिपी, मग हवा असेल तर प्रदेश. भाषेचा तुकडा सहसा दोन किंवा तीन अक्षरांचा, लिपीचा चार अक्षरांचा, प्रदेशाचा दोन अक्षरांचा किंवा तीन आकड्यांचा. भाषेला दोन अक्षरी कोड असेल तर तोच वापरायचा. म्हणून मराठी एम-आरच, एम-ए-आर नव्हे. देवनागरी कोंकणी म्हणजे के-ओ-के आणि पुढे डी-ई-व्ही-ए. रोमी कोंकणी म्हणजे के-ओ-के आणि पुढे एल-ए-टी-एन. हाच दस्तऐवज हेही सांगतो की जागेची मर्यादा घालायचीच असेल तर निदान ३५ अक्षरं ठेवा. आम्ही रकाना ३५ चा केला. कडक मोड चालू केला. त्या दिवशी तीन जुने प्रोग्राम बंद पडले. तिन्ही ठिकाणी कुठलातरी दुसरा रकाना असाच मुकाट्यानं कापला जात होता. एकात पत्त्याची शेवटची ओळ, म्हणजे गावाचं नाव.

खूणपट्टी जुळवण्याचा नियम आरएफसी ४६४७ मध्ये आहे. त्यातही कापणं आहे, पण ते तुकड्याचं. पूर्ण पट्टीला साचा मिळाला नाही तर शेवटचा तुकडा गाळायचा आणि पुन्हा बघायचं. कोंकणी-देवनागरी-भारत नाही सापडलं तर कोंकणी-देवनागरी, ते नाही तर कोंकणी. अक्षरं कधीच कापायची नसतात. मात्र लिपी असली की हा नियमही जपून वापरावा लागतो. रोमी मागणाऱ्या माणसासाठी साचा नसेल तर लिपीचा तुकडा गळतो, उरते नुसती कोंकणी, आणि आमच्याकडे नुसती कोंकणी म्हणजे देवनागरी. म्हणजे ज्याला देवनागरी वाचता येत नाही म्हणून त्यानं रोमी मागितली, त्याच्या हाती देवनागरीच. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-माहितीसंचात अशा लिपी बदलणाऱ्या उड्या मुद्दाम अडवलेल्या आहेत. तिथे पारंपरिक लिपीतली चिनी सोप्या लिपीतल्या चिनीवर पडत नाही. आम्हीही तसंच केलं, आणि फॉर्मवर 'दुसरी भाषा' असा रकाना जोडला. पहिली नसेल तर दुसरी. ती माणूस सांगेल, आम्ही नाही.

बाहेरून येणाऱ्या कोडसाठी एक छोटी समानार्थी यादी केली. ही अनावश्यक वाटू शकते, पण कोंकणीसाठी एकटा के-ओ-के पुरत नाही. आयएसओ ६३९-३ मध्ये के-ओ-के हा छत्रीसारखा कोड आहे आणि त्याखाली दोन: गोव्याच्या कोंकणीचा जी-ओ-एम आणि दुसरा के-एन-एन. गूगलच्या भाषांतरसेवेत २०२२ मध्ये कोंकणी आली ती जी-ओ-एम या कोडनं. कुणी तिथून कोड उचलून आणला तर तो आमच्या दारात ओळखला गेला पाहिजे.

दारात तपासणी म्हणजे काय, तेही सांगतो, कारण जावा इथे दोन प्रकारे वागतं. खूणपट्टीवरून लोकेल बनवण्याची एक पद्धत चुकीचा भाग निमूट सोडून देते; आडव्या रेघेच्या जागी खालची रेघ देऊन मराठी-भारत लिहिलं तर हाती रिकामं लोकेल येतं, चूक दाखवली जात नाही. दुसरी पद्धत, बिल्डरची, चुकीच्या पट्टीवर थांबते आणि ओरडते. आम्ही सगळीकडे ओरडणारी घेतली. तरी तेवढ्यानं भागत नाही. एम-ए ही पट्टी आकारानं निर्दोष आहे, आणि के-ओ तर खरोखरच्या भाषेची आहे. म्हणून शेवटची गाळणी आमचीच: या संस्थेत आज ज्या भाषांचे साचे आहेत त्यांची यादी, आणि यादीत नसलेला कोड आला तर नोंद अडते आणि शाखेला कळतं. इंग्रजीवर आपोआप जाणं बंद केलं.

शोधाशोधीत आणखी एक सापडलं, ते इथेच नोंदवतो. मुख्य कार्यालयाच्या एका जुन्या अहवालात लोकेल बनवताना भाषेच्या जागी चुकून आय-एन, म्हणजे भारताचा प्रदेशकोड, लिहिलेला होता. प्रदेशकोड मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत आणि भाषाकोड लहान अक्षरांत लिहायचा संकेत आहे, पण जावाला अक्षरांच्या लहानमोठेपणाशी देणंघेणं नाही. भाषेच्या जागी आलं ते भाषा. आणि आय-एन हा इंडोनेशियन भाषेचा जुना कोड. १९८९ मध्ये तो बदलून आय-डी झाला, तरी जावानं जुना कोड आतून सांभाळून ठेवला. सतराव्या आवृत्तीत कुठे ते उलटं केलं. इंडोनेशियन रिवाजात हजारांना टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. त्यामुळे एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन रुपये त्या अहवालात १२३.४५६ असे दिसत होते, म्हणजे आपल्या डोळ्यांना एकशे तेवीस रुपये आणि काही पैसे. सुदैवानं तो अहवाल कुणी वापरत नव्हतं. भाषेचा आणि प्रदेशाचा कोड एकच अक्षरजोडी असणं तसं नवीन नाही: मराठीचा एम-आर प्रदेशाच्या जागी ठेवला तर तो मॉरिटानिया, कन्नडचा के-एन म्हणजे सेंट किट्स, गुजरातीचा जी-यू म्हणजे ग्वाम. म्हणून आता आमच्याकडे भाषा आणि प्रदेश हे दोन वेगळे प्रकार आहेत, नुसत्या मजकुराच्या रूपात ते कुठेही फिरत नाहीत.

आता जुना डेटा. के-ओ असलेले सगळे ग्राहक गोव्याच्या शाखांमधले आणि कोंकणी साचा वापरणारे होते, ते के-ओ-के केले. एम-ए असलेले विलीन संस्थेचे, त्यांच्या जुन्या फॉर्मवर मराठी होती, ते एम-आर केले. ई-एन मात्र अडला. कुणी खरंच इंग्रजी मागितली होती आणि कुणाला ती नुसती चिकटली होती, हे टेबलावरून कळायला मार्ग नव्हता.

इथे पिग्मी उपयोगी पडली. एजंट रोज दारात जातोच. त्याच्या मोबाइलवर पावती करताना प्रत्येक ग्राहकासाठी एकदाच एक प्रश्न दाखवायचा ठरवलं: मेसेज कुठल्या भाषेत हवा? पर्याय त्या त्या भाषेच्या लिपीतच लिहिलेले, झेंडे किंवा चित्रं नाहीत. एजंटांना एवढंच सांगितलं की स्वतः अंदाजानं खूण करू नका, फोन त्यांच्यासमोर धरा. कुडाळच्या एका एजंटनं नंतर सांगितलं ते माझ्या मनात राहिलं. एका आजींना त्यानं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माका वाचूक येणा नाय रे. नात वाचून दाखवता. तिका इचार." नातीनं इंग्रजी सांगितली, तीच नोंदवली. आम्ही त्या रकान्याचं नाव तेव्हा बदललं. आधी 'ग्राहकाची भाषा' होतं, आता 'संदेश वाचण्याची भाषा' आहे.

एम-ए चे एम-आर झाल्यावर मराठी संदेश सुरू झाले आणि तिसऱ्याच दिवशी नवा फोन आला: मेसेजमधला पावती क्रमांक शोधायच्या चौकटीत टाकला तर सापडत नाही. कारण सीएलडीआरमध्ये मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत (हिंदीचे इंग्रजीतले १-२-३ आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), आणि जावाच्या नवव्या आवृत्तीपासून तोच माहितीसंच मुळात वापरला जातो. त्यामुळे आमच्या पावती क्रमांकातले शून्यासकट सगळे अंक देवनागरीत छापले जात होते. गंमत म्हणजे जावाला देवनागरी अंकांचा मजकूर आकडा म्हणून दिला तर जावा तो बिनबोभाट वाचतं. पण शोधाची चौकट ब्राउझरमध्ये चालते, जावास्क्रिप्टवर, आणि तिथे अंक म्हणजे फक्त इंग्रजी अंक. आम्ही क्रमांक, खाते, संदर्भ हे सगळं यंत्रासाठीचं मानून कुठल्याही भाषेशिवाय, रूट लोकेलमध्ये छापायला लागलो. रक्कम आणि तारीख वाचणाऱ्याच्या भाषेत, देवनागरी आकड्यांत. लाखाचा स्वल्पविराम योग्य जागी पडावा म्हणून आकड्यांसाठी आयसीयू ही लायब्ररी घेतली, कारण जावाच्या स्वतःच्या मांडणीला तीन-दोन-दोनचे गट जमत नाहीत.

चलनाचंही एक असंच निघालं. खातेदाराचा मुलगा दुबईत, त्याच्या मोबाइलवर प्रदेश अमिराती. अ‍ॅप प्रदेशावरून चलन घेत होतं आणि पाचशे रुपयांच्या जागी पाचशे दिरहॅम दाखवत होतं, आकडा तोच. चलन खात्याचं असतं, वाचणाऱ्याचं नाही. ते खात्याच्या नोंदीतून घ्यायला लावलं.

चाचण्यांमध्ये आता प्रत्येक बदलानंतर सात खोटे ग्राहक चालवले जातात: कोंकणी, मैथिली, मणिपुरी, संताली, बोडो आणि डोगरी यांचा एकेक, आणि सातवा रोमी कोंकणीचा. या संस्थेला संताली ग्राहक बहुधा कधी मिळणार नाही. तरी तो ग्राहक मी काढू देत नाही.

रोमी साचे सर्वांत शेवटी झाले. मडगाव शाखेनं त्यांच्याच एका निवृत्त शिक्षिका सभासदाकडून अकरा वाक्यं लिहून घेतली, हातानं, रेघांच्या वहीच्या पानावर, आणि फोटो पाठवला. पानाच्या तळाशी बाईंनी वारांची नावंही लिहिली होती, आम्ही मागितली नसताना, आयतारापासून शेनवारापर्यंत, रोमीत.